पाठ टाचणातला 'पूर्वज्ञान' हा रकाना

(अध्यापक पदविकेचा अभ्यास करणाऱ्या आदिवासी मुलामुलींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. आपल्या सभासदांसाठी आणि हितचिंतकांसाठी इथे देत आहोत.)



मला विषय दिला आहे 'अध्ययनाच्या उपपत्ती आणि अध्यापनाच्या पद्धती'. टीईटीच्या पेपरात बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे ३० प्रश्न असतात, निदान तेवढे तरी मुलांचे पक्के व्हावेत, असं मला सांगण्यात आलं. ते बघू. पण परीक्षा एका दिवसाची असते. त्यानंतर तुमच्यापैकी कोणी धडगावच्या डोंगरात, कोणी मेळघाटात, कोणी भामरागडकडे पहिलीच्या वर्गासमोर उभे राहाल. तिथे थॉर्नडाइकच्या मांजराबद्दल तुम्हाला कोणी विचारणार नाही. तिथे समोर वीस-पंचवीस मुलं असतील आणि त्यातली निम्मी गप्प असतील. त्या गप्प मुलांना डोळ्यांसमोर ठेवून मी आज बोलणार आहे.

तुमच्या सगळ्यांकडे पाठ टाचणाची वही आहे. तिच्यात घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य असे रकाने असतात आणि त्यातच एक लहानसा रकाना असतो, 'पूर्वज्ञान'. मी आजवर पुष्कळ वह्या तपासल्या. सगळ्यात घाईने भरलेला रकाना हाच. 'विद्यार्थ्यांना फळांची नावे माहीत आहेत.' 'विद्यार्थ्यांना १ ते २० अंक माहीत आहेत.' हे कोणी कोणाला विचारून लिहिलेलं नसतं. मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतून ते उतरवलेलं असतं, आणि ताईने तिच्या मागच्या ताईच्या वहीतून.

हा रकाना आला कुठून? जर्मनीत हर्बार्ट नावाचे एक तत्त्वज्ञ होऊन गेले, १७७६ ते १८४१. त्यांचं म्हणणं असं, की नवा विचार मनात एकटा टिकत नाही. आधीपासून मनात असलेल्या विचारांनी त्याला सामावून घेतलं तरच तो राहतो. पुढे त्यांच्या अनुयायांनी यातून पाच पायऱ्या बसवल्या. तीच आपली पंचपदी. पंचपदी सगळ्यांना पाठ असते, तिच्यामागचं म्हणणं मात्र मागेच राहिलं. नंतर १९६८ मध्ये डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या जाडजूड ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं, की शिक्षणाचं सगळं मानसशास्त्र एका वाक्यात सांगायची वेळ आली तर मी एवढंच सांगेन: शिकणाऱ्याला आधी काय येतं ते शोधा आणि तिथून शिकवायला लागा.

आपल्या मुलांच्या बाबतीत गोष्ट नेमकी इथेच अडते. मुलाला पुष्कळ येत असतं. पण ते ज्या भाषेत येतं ती भाषा शाळा बोलत नाही. मग शाळा रकाना रिकामा समजून कामाला लागते.

आता उपपत्तींकडे वळू. पाव्हलोव्हचा कुत्रा आणि त्याची घंटा तुम्हाला पाठ आहे. परीक्षेपुरतं ते पुरे. वर्गापुरतं एवढं लक्षात ठेवा, की घंटेशी जसं अन्न जोडलं जातं तशी शाळेशी भीतीही जोडली जाते. पहिल्या आठवड्यात जे जोडलं जाईल ते सोडवायला वर्षं लागतात. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत ठेवून प्रयत्न-प्रमाद पद्धती मांडली. सज्जतेचा, सरावाचा आणि परिणामाचा असे तीन नियम सांगितले. त्यातल्या परिणामाच्या नियमाचा पुढचा भाग आपल्या नोट्समध्ये बहुधा येत नाही. बक्षिसाने योग्य प्रतिसाद बळकट होतो आणि शिक्षेने चुकीचा प्रतिसाद तितकाच पुसला जातो, असं आधी ते मानत होते. पुढे १९३०च्या सुमारास आपल्याच प्रयोगांवरून त्यांनी मत बदललं. शिक्षेचा तेवढा परिणाम होत नाही, असं त्यांना दिसलं. आज शिक्षण हक्क कायदा २००९ च्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. छडी सगळ्यांना कळते. मूल आपल्या बोलीत काही बोललं आणि सगळा वर्ग हसला, शिक्षकही हसले, तर तो मानसिक छळात मोडतो असं मी मानतो.

पियाजेंवर थोडं थांबतो. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी. एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतलं की पाच वर्षांचं मूल म्हणतं, यात जास्त आहे. यावरून पियाजे म्हणाले, राशीची अक्षय्यता या वयात कळत नाही, ती साधारण सातव्या वर्षानंतर, मूर्त विचारांच्या अवस्थेत येते. हे आपण शिकतो आणि थांबतो. पण १९७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनल्डसन यांनी याच जातीचा एक प्रयोग थोडा बदलून केला. सोंगट्यांच्या दोन रांगांपैकी एक रांग मोठ्या माणसाने विस्कटण्याऐवजी एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली. बाकी सगळं तेच. तर सहा वर्षांखालची कितीतरी जास्त मुलं म्हणाली, सोंगट्या होत्या तेवढ्याच आहेत. मूल तेच, डोकं तेच. आधीच्या प्रयोगात त्याला वाटत होतं, एवढे मोठे गृहस्थ मुद्दाम रांग बदलून पुन्हा विचारतायत, म्हणजे त्यांना वेगळं उत्तर हवं असणार. अस्वलाने गोंधळ घातल्यावर प्रश्नाला अर्थ आला. तेव्हा मुलाचं उत्तर चुकलं तर पहिल्यांदा स्वतःच्या प्रश्नाकडे बघा.

दुसरं उदाहरण ब्राझीलचं आहे. ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रेसिफे या शहरात तीन संशोधकांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. मुलं ९ ते १५ वर्षांची. अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. दहा नारळ घेतले तर किती होतील, पाचशेची नोट दिली तर परत किती, असे हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच मुलांना तसेच हिशेब कागद-पेन्सिल देऊन घातले. शाब्दिक उदाहरणं ७४ टक्के बरोबर आली आणि नुसती आकडेमोड ३७ टक्के. एका मुलाने दहा नारळांचा हिशेब कसा केला बघा. एक नारळ ३५ चा. तीन नारळ १०५ हे त्याला तोंडपाठ होतं. अजून तीन, २१०. अजून तीन, ३१५. आणि एक, ३५०. शाळेने शिकवलेलं 'दहाने गुणायचं तर एक शून्य वाढवा' त्याने वापरलंच नाही. त्याची स्वतःची रीत होती आणि ती चोख होती.

आता आपल्याकडे या. गडचिरोली-गोंदियाकडची जी मुलं इथे आहेत त्यांनी तेंदूची पानं बांधली आहेत. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक प्रमाण गोणी. दुसरीतली मुलगी आईशेजारी बसून सत्तर-सत्तर पानं मोजते आणि शाळेत तिच्या प्रगतिपत्रकावर 'दोन अंकी संख्या: सुधारणा आवश्यक' असं लिहून येतं. तिला विचारा की, तू सत्तर कसे मोजतेस? मधेच आईने हाक मारली तर कुठून पुढे मोजतेस? दहा-दहाच्या ढिगाऱ्या करतेस का? तिने करून दाखवलं की तुमचा दशकाचा धडा अर्धा झाला. धडगाव-अक्कलकुव्याची मुलं उन्हाळ्यात आमचुरासाठी कैऱ्या सोलतात, फोडी वाळवतात, वाळून किती वजन घटतं ते त्यांना माहीत असतं. गुणोत्तराचा धडा सहावी-सातवीत येतो. तिथे पुस्तकातला रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि आमचूर आणा.

ब्रूनर यांनी सांगितलं, की ज्ञान तीन वाटांनी मनात साठतं. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. तेंदूची खरी पानं ही कृती, पुड्याचं काढलेलं चित्र हे दुसरं, आणि फळ्यावरचा ७० हा आकडा तिसरा. आपल्या शाळा बऱ्याचदा तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि मूल मागे राहिलं की म्हणतात, पाया कच्चा आहे.

इथे एक सांगून टाकतो. 'आदिवासी मुलं निसर्गाची लेकरं, निसर्गच त्यांची शाळा' अशी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्याने टाळ्या मिळतात, भागाकार येत नाही. मुलाला मोहाची फुलं ओळखता येतात याचं कौतुक करून सोडून देणं हेही त्याला मागे ठेवणंच आहे. त्याच्या ज्ञानावर उभं राहून भागाकारापर्यंत न्यायचं आहे. विगॉट्स्की हेच सांगतात. मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याचा हात धरून जे करू शकतं, त्यामधली जी जागा, तिथे शिकणं घडतं. पुस्तकात तिला समीप विकासाचं क्षेत्र म्हणतात. विगॉट्स्की आणि पियाजे एकाच वर्षी, १८९६ मध्ये जन्मले. पियाजे ८४ वर्षं जगले आणि विगॉट्स्की क्षयाने ३७ व्या वर्षी गेले. जाणता माणूस शिक्षकच असला पाहिजे असं नाही. मोठी बहीण चालते, चौथीतला मुलगा चालतो. पण हात धरायचा तर एकमेकांचं बोलणं कळलं पाहिजे. म्हणून आता भाषेकडे येतो.

या खोलीत मावची आहे, पावरी आहे, कोरकू आहे, माडिया आहे. मावची-पावरी मराठीच्या जवळच्या नात्यातल्या. कोरकूचं नातं संथाळी-मुंडारीशी आहे. गोंडी-माडियाचं तेलुगू-कन्नडशी. कोरकूत पाणी म्हणजे 'डा', गोंडीत 'येर'. बाई फळ्यावर 'पाणी' लिहितात आणि माझ्यामागून म्हणा म्हणतात. मूल म्हणतं. अक्षरं जुळवायला शिकतं. तिसरीत गेल्यावर धडा खडाखडा वाचतं. काय वाचलंस, असं विचारलं की खाली बघतं. ते वाचत नसतं, उच्चारत असतं. पाचवीत त्याच्यावर 'डोक्याने मंद' असा शिक्का बसतो. आठवीपर्यंत ते शाळेतून दिसेनासं होतं आणि वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात दिसतं. आज इथे बसलेले तुम्ही सगळे त्यातून वाचलेले आहात. तुमच्या पहिलीच्या वर्गातली किती मुलं आज तुमच्याबरोबर आहेत, ते मनात मोजून बघा.

जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने एक उपयोगी फरक दाखवला. परक्या भाषेत गप्पा मारण्याइतकं मूल साधारण दोन वर्षांत तयार होतं. पण त्या भाषेत पुस्तकी विषय समजून घ्यायला पाच ते सात वर्षं लागतात. 'त्याला मराठी येतं की, काल माझ्याशी छान बोलला' हे म्हणूनच फसवं आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. राज्यघटनेचं ३५० क कलम, शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, सगळे मातृभाषेतून सुरुवात करा म्हणतात. कायद्यात आणि धोरणात 'शक्य असेल तिथे' अशा अर्थाचे शब्दही आहेत. आजवर सगळं त्या शब्दांना टांगून ठेवलं गेलं. ते शक्य करणारी माणसं तुम्ही आहात, कारण बाहेरून आलेल्या शिक्षकाला जे शिकायला पाच वर्षं लागतील ते तुम्ही आईच्या मांडीवर शिकलात.

हे काही आजचं शहाणपण नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. इंग्लंडहून आलेल्या या माणसाने ते मराठीत, ओवीत रचलं. ऐकणाऱ्याच्या कानाला पुराण आणि ओवी आधीच ओळखीची होती. त्यांनी पूर्वज्ञानाचा रकाना मनापासून भरला होता, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या काळातलं मोठं उदाहरण पालघर जिल्ह्यातलं. मादाम मॉन्टेसोरींनी १९०७ मध्ये रोममधल्या कामगारवस्तीत गरिबांच्या मुलांसाठी बालगृह काढलं. आज त्यांचं नाव महागड्या शाळांच्या पाटीवर दिसतं, ते सोडा. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ही पद्धत आत्मसात केली आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुलं शाळेत येईनात. तेव्हा बायांनी बालवाडी उचलून पाड्यावर, कोणाच्या तरी अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पानं आली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज हा शब्द उच्चारताना तो पाड्यावरच्या अंगणातून आला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूल येत नाही, म्हणून त्यांनी मुलाला दोष दिला नाही. शाळेची जागा, वेळ आणि साधनं बदलली.

आता तुम्हाला पालकांकडून एक प्रश्न नक्की येणार. 'गुरुजी, आमची बोली पोराला येतेच. ती शिकायला कशाला पाठवू? मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा.' हे म्हणणं अगदी रास्त आहे. मराठीवाचून तालुक्याच्या कचेरीत काम होत नाही हे त्या बाईने सोसलेलं असतं. तिला सांगा, मावशी, मराठी पक्की यावी म्हणूनच सुरुवात घरच्या भाषेतून करतोय. आणि मग खरोखर मराठी पक्की करून दाखवा, नाहीतर तिचा तुमच्यावरचा विश्वास उडेल, आणि तो उडणं बरोबरच असेल.

ते करायचं कसं? मी एकच नियम सांगतो. एका तासात दोन अडचणी एकदम आणायच्या नाहीत. कल्पना नवी असेल तर भाषा ओळखीची. भाषा नवी असेल तर गोष्ट ओळखीची. हातचा घ्यायला शिकवताय, तर मावचीत किंवा माडियात समजावा, पानं मांडा, मुलाला कळलं की मग 'एकक', 'दशक', 'हातचा' हे शब्द द्या. उलट मराठी शिकवताय, तर आजीने सांगितलेली, मुलांना तोंडपाठ असलेली गोष्ट घ्या. ती आधी घरच्या भाषेत सांगू दे, मग तुम्ही मराठीत सांगा. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून मराठी शब्दांचा अर्थ त्याला आपसूक लागतो. पहिले काही आठवडे मराठी फक्त कानावर पडू दे, बोलायची सक्ती नको. ऊठ, बस, दार लाव, लाल फूल आण. ऐकायचं आणि करायचं. जेम्स ॲशर यांनी अशी कृतीतून भाषा शिकवण्याची रीत बांधली. तिला काही खर्च नाही.

वर्गात तीन बोली असतील आणि तुम्हाला एकच येत असेल तर? तसंच असणार आहे, विशेषतः आश्रमशाळेत. एका बोलीची मुलं जवळ बसवा, त्यांच्यातल्या मोठ्याला दुभाषा करा, आठवड्यातून एकदा पाड्यावरच्या कोणा आजीला किंवा काकाला गोष्ट सांगायला बोलवा. तुम्हीही त्या बोलीतले रोज चार शब्द मुलांकडून शिका आणि चुकीचे म्हणा. मुलं हसतील. हसू द्या. त्यांनाही एकदा शिक्षकाला सुधारण्याचा अनुभव मिळू दे.

हितचिंतक मंडळींना एक विनंती. तुमची मदत येते, आणि तिच्यावरच इथली किती मुलं शिकली हे मला माहीत आहे. पण सफरचंद, बर्फातलं घर आणि जहाज असलेले छापील तक्ते आता पाठवू नका. कोरे ड्रॉइंगचे कागद, जाड पुठ्ठे, रंग आणि आवाज मुद्रित करायचं एखादं साधं यंत्र पाठवा. तक्ते ही मुलं स्वतः करतील.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला काम. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा प्रत्येकाने तीन गोष्टी आणायच्या. आपल्या बोलीतली एक गोष्ट, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून लिहिलेली, देवनागरीत, जशी ऐकू आली तशी. पहिलीच्या पुस्तकातले असे वीस शब्द, जे तुमच्या पाड्यावरच्या मुलाला कळणार नाहीत, आणि त्यांच्यासमोर तुमच्या बोलीतला शब्द. आणि एका पाच-सहा वर्षांच्या मुलाबरोबर अर्धा दिवस घालवून, त्याला काय काय येतं त्याची यादी. मोजतं कसं, नाती कशी सांगतं, कोणती हत्यारं वापरतं, कशाला घाबरतं, सगळं. ही यादी पाठ टाचणाच्या वहीत लिहायची, 'पूर्वज्ञान' या रकान्यात. जागा पुरणार नाही. तेव्हा वहीला जास्तीचं पान शिवा. सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी वह्या बघायला येईन.

आता प्रश्न विचारा. मराठीत अडखळत असाल तर आपल्या बोलीत विचारा, शेजारचा सांगेल.